केटल हॅट: मध्ययुगीन युरोपच्या पायदळाचं शिरस्त्राण घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक म्हणजे युरोप-अमेरिकेत राहणारी, तिथल्या रीएनॅक्टमेंट गटांत, म्हणजे जुन्या काळचा वेष घालून लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या गटांत, नव्याने शिरलेली मराठी मंडळी. आणि दुसरे इथे घरी संग्रह करणारे हौशी. दोघांचीही पहिली नजर पॉलिशवर जाते. माझा आग्रह असा की शिरस्त्राण हातात आलं की आधी ते उलटं करावं. अस्तर, पट्टा आणि आतला पत्रा यांवरून जे कळतं, ते बाहेरच्या चकाकीवरून कधीच कळत नाही.

केटल हॅट म्हणजे नेमकं काय?

चहूबाजूंनी रुंद कड असलेली लोखंडी टोपी. चेहरा उघडा, कान मोकळे. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत ती युरोपभर वापरात होती. फ्रेंचमध्ये तिला शापेल द फेर म्हणत, जर्मनमध्ये आयझनहुट. वरून येणारा मार अडवणं हे तिचं मुख्य काम. किल्ल्याच्या तटाखाली उभ्या असलेल्या माणसावर दगड पडतात, बाण येतात, घोडेस्वाराची तलवार उंचावरून उतरते. कडेमुळे हा मार डोक्यावरून घसरून बाहेर जातो, खांदा आणि मान बऱ्यापैकी वाचते. शिवाय शिपायाला आजूबाजूचं दिसतं, हुकूम ऐकू येतो आणि श्वास घेता येतो. पायदळातल्या माणसाला या तिन्ही गोष्टींची गरज लोखंडाइतकीच असते.

ही फक्त गरीब शिपायांची टोपी होती का?

प्रामुख्याने पायदळाची, पण फक्त त्यांची नाही. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११८१ मध्ये शस्त्रांबाबत फर्मान काढलं. त्यात शहरातल्या साध्या स्वतंत्र माणसांनी गादीचा अंगरखा, लोखंडी टोपी आणि भाला जवळ बाळगावा असं सांगितलं आहे. त्या टोपीला कड होतीच असं त्या मजकुरावरून म्हणता येत नाही. पुढे १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्यात मात्र शापेल द फेर हे नाव स्पष्ट येतं. १५ पौंडांची जमीन असलेल्यापासून १०० शिलिंगांची जमीन असलेल्यापर्यंत सगळ्यांना ती आवश्यक होती. अंगावरचं चिलखत ऐपतीप्रमाणे बदलायचं, डोक्यावरची टोपी तीच.

राजाच्या डोक्यावरही ती एकदा बसली. फेब्रुवारी १२५० मध्ये इजिप्तमधल्या मन्सूराच्या लढाईत फ्रान्सचा नववा लुई दिवसभर चेहरा झाकणाऱ्या जड शिरस्त्राणात होता. त्याचा सरदार जाँ द जोअँव्हिल लिहितो, की आपण राजाला ते काढायला लावलं आणि वारा लागावा म्हणून आपली लोखंडी टोपी त्याला दिली. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे कुणी बंद शिरस्त्राण घालून पाहिलं असेल, तर जोअँव्हिलचं म्हणणं त्याला लगेच पटेल.

वेगवेगळे नमुने दिसतात. कोणता घ्यावा?

आधी आपला काळ ठरवा, मग नमुना. बरेच जण उलटं करतात आणि मग दीडशे वर्षांच्या फरकाच्या वस्तू एकाच अंगावर चढतात.

तेराव्या शतकाचा पोशाख करायचा असेल, तर अनेक तुकडे रिव्हेटने जोडलेली टोपी योग्य. माथ्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या आणि बेताची, किंचित उतरती कड असा तिचा घाट. याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे १२४० ते १२५० च्या दशकांत पॅरिसमध्ये रंगवलेलं मॉर्गन बायबल. आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. प्रसंग जुन्या करारातले, पण सगळे योद्धे चित्रकाराच्या काळातल्या फ्रेंच वेषात. त्यामुळे गादीचे अंगरखे, कड्यांच्या जाळीचं चिलखत, केटल हॅट हे सगळं कसं घालत ते त्यात स्वच्छ दिसतं. हेच पुस्तक पुढे क्राकोच्या बिशपने इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून पाठवलं, आणि तिथे त्याच्या समासात फारसीत टिपा लिहिल्या गेल्या. फारसी कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी ती पानं जरूर पाहावीत.

चौदाव्या शतकापासून एकाच पत्र्यातून घडवलेल्या टोप्या वाढत गेल्या. पंधराव्यात कड खोल झाली, डोळ्यांपर्यंत उतरली. काहींना तर कडेतच पाहण्यासाठी फटी आहेत. अशा टोपीखाली हनुवटी आणि गळा झाकणारा लोखंडी गळपट्टा घालत. पोलंडमधल्या १४१० च्या ग्रुनवाल्डच्या किंवा इंग्लंडमधल्या १४७१ च्या ट्यूक्सबरीच्या लढाईसाठी हा एकसंध माथ्याचा प्रकार घ्या. या दोन्ही लढायांची रीएनॅक्टमेंट दरवर्षी जुलैमध्ये तिथेच होते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या १३६१ च्या विस्बीच्या लढाईसाठी साधी, फार खोल कड नसलेली टोपी शोभते.

गटात असाल तर पैसे देण्याआधी गटातल्या पोशाख बघणाऱ्या माणसाला फोटो दाखवा. तो नाही म्हणाला तर विक्रेत्याचं वर्णन कितीही गोड असो, उपयोग नाही.

पत्रा किती जाडीचा असावा? गेज म्हणजे काय?

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे आधी लक्षात ठेवा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे १.६, आणि १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर. फक्त कपाटात ठेवायचं असेल तर १८ गेज चालेल. डोक्यावर घालून मैदानात उतरायचं असेल तर १६ गेजपेक्षा पातळ पत्रा घेऊ नका.

मूळ शिरस्त्राणांत मात्र जाडी सगळीकडे सारखी नसे. लोहार जाड लोखंड ऐरणीवर ठोकत आकार देई. माथा जाड राही आणि कडेकडे पत्रा पातळ होत जाई. म्हणून जिथे मार बसतो तिथे लोखंड जास्त, आणि वजन मात्र आटोक्यात. आजच्या कारखान्यातला पत्रा सगळीकडे एकाच जाडीचा असतो. त्यामुळे १४ गेजची नक्कल कधीकधी मूळ वस्तूपेक्षाही जड भरते.

वजन किती भरतं?

सहा सेंटिमीटर कडेची १६ गेजची टोपी अस्तर-पट्ट्यासह दोन किलोच्या आसपास. १४ गेजची अडीचच्या जवळ. कड खोल असेल तर आणखी. पहिल्यांदा घालणाऱ्याची मान तासाभरात भरून येते, ते स्वाभाविक आहे. पण टोपी पुढे झुकत असेल किंवा मागे ओढत असेल, तर दोष वजनाचा नाही, अस्तराचा आहे.

माझं माप कसं घ्यायचं?

डोक्यावर आतली गादीची टोपी घाला आणि मग कपाळाच्या रुंद भागावरून टेप फिरवा. उघड्या डोक्याचं माप विक्रेत्याला दिलंत तर शिरस्त्राण हमखास घट्ट येतं. एक हिशेब पाठ करून ठेवा: आत सगळीकडून एक सेंटिमीटर अस्तर वाढलं की घेर सव्वासहा सेंटिमीटरने वाढतो. म्हणजे डोकं ५७ चं आणि अस्तर एक सेंटिमीटरचं, तर पत्र्याचा आतला घेर निदान ६३ ते ६४ हवा. अस्तराखाली लोखंडी कड्यांच्या जाळीची टोपीही घालणार असाल तर त्याहून मोठा.

दुसरी गोष्ट कॅटलॉगमध्ये कुणी लिहीत नाही. माणसाचं डोकं वरून पाहिलं तर लांबट असतं. स्वस्त टोप्या लेथवर फिरवून काढलेल्या असतात, त्यामुळे त्या अगदी गोल होतात. लांबट डोकं गोल टोपीत गेलं की कपाळ आणि मागचा भाग दाबला जातो, कानांच्या बाजूला बोटभर पोकळी राहते, आणि टोपी डोक्यावर गरागरा फिरते. घेर बरोबर असूनही बसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते. उपाय दोन. चांगला कारागीर टोपी हळूहळू ठोकून लांबट करून देतो. नाहीतर दोन्ही बाजूंचं अस्तर जाड करून घ्यायचं.

अस्तर खरंच इतकं महत्त्वाचं आहे का?

हो, आणि या पानावर हेच उत्तर मला सगळ्यात मोठं लिहावंसं वाटतं. पत्रा वार अडवतो, पण वाराचा धक्का अडवत नाही. तो धक्का डोक्यापर्यंत पोचायच्या आत जिरवायचं काम अस्तराचं. नुसता पत्रा कवटीला टेकलेला असेल, तर दोन मिलिमीटर पोलादही तुमच्या मेंदूला वाचवणार नाही.

मध्ययुगात आतल्या बाजूने कडेच्या थोडं वर कातड्याची किंवा जाड कापडाची पट्टी छोट्या रिव्हेटांनी बसवत आणि तिला तागाच्या कापडाचं, आत भरण घातलेलं अस्तर शिवत. अस्तराच्या पाकळ्या माथ्याशी दोरीने एकत्र ओढायच्या. दोरी घट्ट केली की टोपी वर राहते, सैल केली की खाली उतरते. डोकं त्या झोळीत बसतं, आणि माथा व लोखंड यांच्यात रिकामी जागा राहते. ती रिकामी जागा जीव वाचवते. मूळ अस्तरं आज फारच थोडी उरली आहेत. कापड कुजलं, लोखंड राहिलं. संग्रहालयात पाहाल तेव्हा माथ्याभोवती बारीक रिव्हेटांची रांग दिसेल. त्या रांगेवर हे सगळं शिवलेलं होतं.

बाजारातल्या बऱ्याच टोप्यांत चार कातडी पट्ट्या किंवा चिकटवलेला फोम येतो. फोम घामाने सुटतो, आणि आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत त्याचा भुगा होतो. अशी टोपी घेतलीत तरी हरकत नाही, पण अस्तर नवीन करून घ्या. जुन्या सुती चादरीचे थर आणि गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस यांतून उत्तम अस्तर होतं. रजई शिवणारा कारागीर हे काम सहज करतो. त्याला टोपी नेऊन दाखवा आणि पाकळ्या कशा जुळतात ते कागदावर काढून द्या.

हनुवटीचा पट्टा साधा असला तर चालेल?

फोटोपुरता चालेल. मैदानात नाही. रुंद कडेवर बाजूने फटका बसला की ती कड तरफेसारखी काम करते. दोन बिंदूंवर अडकवलेला पट्टा अशा वेळी टोपीला मागे-पुढे कलू देतो. कानाच्या पुढून आणि मागून येऊन हनुवटीखाली मिळणारा चार बिंदूंचा पट्टा घ्या. रिव्हेट आतून नीट दाबलेले हवेत. बोट फिरवा, टोक बोचलं तर ते घालताना डोक्यातही बोचणार.

शिरस्त्राण डोक्यावरून गेलं की काय होतं, याचा पुरावा इंग्लंडमध्ये टाउटनला सापडला. २९ मार्च १४६१ च्या त्या लढाईतल्या मृतांचा सामूहिक दफनखड्डा १९९६ मध्ये उघडला गेला. जवळजवळ प्रत्येक कवटीवर घाव होते, काहींवर अनेक. पळापळीत या माणसांची शिरस्त्राणं निसटली किंवा त्यांनी ती फेकली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

ही घालून खरी झुंज खेळता येईल?

झुंज कोणती, त्यावर अवलंबून. प्रेक्षकांसमोर ठरवून केलेल्या लढाईत, जिथे बोथट तलवारी असतात आणि डोक्यावर वार करायला बंदी असते, तिथे चालते. अशा बऱ्याच गटांत तीच सगळ्यात जास्त दिसते. पूर्ण ताकदीने पोलादी शस्त्रं चालवणाऱ्या बुहुर्टमध्ये उघड्या चेहऱ्याने उतरता येत नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये बर्कलेत सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रोनिझममध्ये वेताच्या तलवारींनी लढतात. तरीही शिरस्त्राणाचं पोलाद किमान १.६ मिलिमीटर हवं आणि तोंडावरच्या जाळीतून एक इंच जाडीचा दांडा आत जाता कामा नये, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे केटल हॅटला चेहऱ्याची जाळी बसवावी लागते. तलवारबाजीच्या सरावाला तर फेन्सिंगचा मुखवटाच घाला.

स्कूटरवर हेल्मेट म्हणून?

अजिबात नको. रस्त्यावरच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे भारतीय मानक लागतं आणि त्यावर आयएसआय खूण लागते. पडल्यावर चेपून धक्का शोषणारा आतला थर केटल हॅटमध्ये नसतो. शिवाय वाऱ्याच्या झोतात ती कड मानेला झटका देईल.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळ्याच्या पोशाखाबरोबर चालेल का?

कृपा करून नको. ऑनलाइन दुकानांत "ऐतिहासिक शिरस्त्राण" एवढंच लिहिलेलं असतं आणि मंडळं उत्साहाने ती मागवतात. मावळ्याच्या डोक्याला पागोटं किंवा मुंडासं. चिलखतधारी दाखवायचा असेल तर मानेवर कड्यांची जाळी उतरणारा, नाकावर सरकती पट्टी असलेला आपल्याकडचा टोप. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहे. आधी ती पाहा, मग कारागिराला काम द्या. केटल हॅट इंग्लंड, फ्रान्स, बोहेमियाच्या मातीतली. तिथल्या पोशाखात ती सुंदर दिसते. गोव्याच्या एखाद्या कार्यक्रमासाठी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला पोर्तुगीज शिपाई उभा करायचा असेल, तर मोरियन किंवा कॅबॅसेट ही त्या काळातली युरोपीय शिरस्त्राणं घ्या.

हातघडणीची आहे की कारखान्यातली, हे घरी कसं ओळखू?

खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलची बॅटरी लावा आणि उजेड आतल्या बाजूला तिरपा टाका. लेथवर काढलेल्या टोपीत एकात एक वर्तुळाकार रेघा दिसतात. दोन अर्ध्या भागांचं वेल्डिंग असेल तर माथ्यावर कपाळापासून मागेपर्यंत घासून सपाट केलेला पट्टा दिसतो, पॉलिश कितीही चांगलं असलं तरी रंगात फरक राहतो. हाताने घडवलेल्यात हातोड्याचे ठसे एकमेकांवर चढलेले, पण एका दिशेने सरकत गेलेले असतात. बाहेरून चार ठिकाणी उगाच मारलेले खड्डे म्हणजे हातकाम नव्हे, ती नुसती सजावट.

मग कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या साधनाने, माथा आणि कड मोजा. सगळीकडे जाडी सारखी असेल तर वस्तू यंत्राची. त्यात वाईट काहीच नाही, फक्त किंमत त्या मानाने द्या. एका पत्र्यातून उठवलेल्या टोपीला कारागिराचे दिवसच्या दिवस जातात आणि किंमत कितीतरी पट होते. अशा नकला जगभर पाठवण्यात डेहराडूनचा मोठा वाटा आहे. परदेशातल्या दुकानातून मागवलेली टोपी आपल्याच देशात घडलेली असण्याची शक्यता बरीच असते.

"पाचशे वर्षं जुनी" म्हणून कुणी विकत असेल तर?

खरी केटल हॅट भारतातल्या जुन्या बाजारात पडलेली सापडणं जवळजवळ अशक्य. आम्लाने आणलेला गंज सगळीकडे सारखा, नारिंगी आणि वरवरचा असतो. जुन्या भट्टीच्या लोखंडात मळीचे धागे असतात, त्यामुळे ते ठिकठिकाणी थरांनी उकलतं. भारतीय टोप किंवा चिलखत जुनं म्हणून दाखवत असतील, तर १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची टोपी अशीच दिसते. काही संबंध आहे का?

आहे. खंदकातल्या माणसालाही मार वरूनच येत होता, डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या छर्ऱ्यांचा. १९१५ मध्ये जॉन ब्रॉडी याने ब्रिटिश सैन्यासाठी जी टोपी आणली, तिचा घाट जवळजवळ केटल हॅटचाच: उथळ वाटी, रुंद कड, आणि एकाच पत्र्यातून झटपट दाबून काढता येणारी. तिची सुधारलेली आवृत्ती दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणींनीही वापरली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी ज्या झुंजीत प्राण दिले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या इटलीच्या मोहिमेत मराठा पलटणींकडे हीच कडेची पोलादी टोपी होती. मध्ययुगीन संग्रहाशेजारी अशी एखादी टोपी ठेवलीत तर पाहणाऱ्याला सातशे वर्षांचा धागा न सांगता कळतो.

मूळ नमुने कुठे पाहायला मिळतील?

मध्ययुगीन युरोपच्या शिरस्त्राणांसाठी लंडनचं वॉलेस कलेक्शन आणि लीड्सचं रॉयल आर्मरीज. दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, पॅरिसचं म्युझे द लार्मे आणि व्हिएन्नातलं शाही शस्त्रागारही तितकंच समृद्ध. काचेशी गेल्यावर खाली वाकून कडेची खालची बाजू पाहा. घडणावळ तिथे दिसते.

पावसाळ्यात गंज चढतो. काय करू?

साधं पोलाद आहे, कोकणात आणि मुंबईत ते गंजणारच. घातल्यावर घाम कोरड्या फडक्याने पुसा, मशीन ऑइलचा पातळ हात द्या. खोबरेल तेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. दीर्घकाळ ठेवायची असेल तर संग्रहालयात वापरतात तसलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, आत बाष्प कोंडतं. अस्तर काढता येत असेल तर जून ते सप्टेंबर वेगळं ठेवा. कातडं आणि कापूस ओल धरतात, आणि गंज नेमका त्यांच्या मागून सुरू होतो, जिथे नजर जात नाही.

चढलेला गंज बारीक स्टील वूल आणि तेलाने हळूहळू निघतो. पितळेच्या भांड्यांना लावतो ती चिंच इथे नको, आम्ल पोलादाला खातं. रोजची निगा जमणार नसेल तर काळी केलेली टोपी घ्या. तापवलेल्या पोलादावर जवसाचं तेल जाळून हा काळा थर चढवतात. मध्ययुगातही शिरस्त्राणं काळी करत, रंगवत, कापडाने मढवत. आरशासारखी चमक म्हणजेच अस्सल, हा समज सोडायला हवा.

विमानातून नेता येईल?

चेक-इनच्या सामानात टाका. केबिनमध्ये घेऊन गेलात तर तपासणीच्या रांगेत अडकाल. कड वाकू नये म्हणून आत कपडे गच्च भरा आणि टोपी बॅगेच्या मध्यभागी पालथी ठेवा. नक्कल असल्याचं बिल, त्यावर बनवल्याचं वर्ष आणि कारागिराचं किंवा दुकानाचं नाव, हे कागद मात्र हातातल्या पिशवीत ठेवा.